मागच्या सीटवर बसून बघा

मंडळी, 'कडक' हा शब्द आपण फारच उदारपणे वापरतो. चहा कडक, इस्त्री कडक, व्हायवाला आलेला एक्स्टर्नल कडक आणि हल्ली गाडीसुद्धा कडक! आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. 'काहीतरी केलेल्या' चार-पाच गाड्या नक्की दिसतील. स्प्रिंगा बदलून खाली बसवलेल्या, सतरा इंची अलॉय घातलेल्या, आणि टायर इतके पातळ की रिमला काळी फीत गुंडाळलीय असं वाटावं. मालकाला विचारा, "कशी चालते रे?" उत्तर ठरलेलं, "कडक! एकदम स्पोर्टी!" आणि हे तो तक्रार म्हणून सांगत नाही बरं का, अभिमानाने सांगतो. जेवढे हादरे जास्त तेवढी गाडी अस्सल, असा एक समज आपल्याकडे पक्का बसलाय.

मला हा समज चुकीचा वाटतो. नुसता चुकीचा नाही, तर त्रासदायक वाटतो, आणि त्रास होतो तो भलत्यालाच. माझं म्हणणं थोडक्यात असं : स्पोर्टी गाडी मऊ करणं म्हणजे तिचा अपमान नव्हे. योग्य क्रमाने केलं तर गाडीची मजा जात नाही, उलट आपल्या रस्त्यांवर ती जास्त चांगली पळते. आणि ती किती मऊ असावी हे स्टिअरिंगमागून ठरवायचं नसतं, मागच्या सीटवरून ठरवायचं असतं.

आता 'भलत्यालाच' म्हणजे कोणाला, ते आधी सांगतो. परदेशी मासिकांत स्पोर्टी गाडीचा मालक म्हणजे एकटा जीव, रविवारी सकाळी घाटात जाणारा. आपल्यापैकी किती जणांच्या घरी दोन गाड्या आहेत? एकच असते. हौस मुलाची, हप्ते वडिलांचे आणि मागच्या सीटवर आजी. त्याच गाडीतून लग्नाला जायचं, त्याच गाडीतून दवाखान्यात.

माझ्या रूममेटच्या घरी तीन वर्षांपूर्वी अशीच एक सेकंडहँड हॅचबॅक आली. इंजिन झकास, रंग लाल, भाव परवडणारा. आधीच्या मालकाने तिला खाली बसवलेलं होतं आणि २०५/४५ आर १७ चे टायर घातले होते. पहिले दोन महिने सगळे खूष. मग काकांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, हळूच एस.टी.ने प्रवास सुरू केला. त्यांच्या कमरेच्या मणक्याचं जुनं दुखणं होतं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून कारण काय द्यायचे, तर "एस.टी.त पाय मोकळे करता येतात." घरात गाडी उभी आणि हप्ते भरणारा माणूस स्टँडवर! काकूंनी शेवटी खरं काय ते सांगितलं, तेव्हा कुठे आम्हा दोघा मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की ही कमरेची गोष्ट नाही, आपल्या सिलॅबसची गोष्ट आहे.

तर थोडा सिलॅबस. (घाबरू नका, डेरिव्हेशन नाही!)

स्प्रिंगवर गाडीचं वजन बसलं की ती जेवढी दबते, त्यावरून गाडीची वर-खाली होण्याची नॅचरल फ्रीक्वेन्सी निघते. साधं गणित आहे. पंचवीस सेंटिमीटर दबली तर सुमारे १ हर्ट्झ, अकरा सेंटिमीटर दबली तर १.५ हर्ट्झ आणि जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर दबली तर २ हर्ट्झ. आरामाच्या गाड्या साधारण १ ते १.५ मध्ये असतात. स्पोर्टी गाड्या १.५ ते २ मध्ये. पंखांच्या जोरावर जमिनीला चिकटणाऱ्या रेसच्या गाड्या तर ३ च्याही पुढे.

आता माणूस. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचे हादरे सगळ्यात जास्त टोचतात ते ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात. आयएसओ २६३१ या स्टँडर्डमध्ये याच पट्ट्याला सगळ्यात जास्त वजन दिलेलं आहे. पोट, पाठीचा कणा ही मंडळी साधारण याच भागात डोलायला लागतात. आता आपल्या काँक्रीटच्या रस्त्यांकडे बघा. त्यांच्यात आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी १०० किलोमीटरने गेलात की सेकंदाला सहा सांधे चाकाखालून जातात. म्हणजे ६.२ हर्ट्झ, बरोब्बर काकांच्या मणक्यावर! ८० ने गेलात तर ४.९. तरी सुटका नाहीच.

इथे आपल्या व्हायब्रेशनच्या पुस्तकातला तो प्रसिद्ध ग्राफ आठवा, ट्रान्समिसिबिलिटीचा. परीक्षेत आपण तो छान काढतो, नावं देतो, आठ मार्क घेतो आणि विसरतो. त्या ग्राफमध्ये सगळ्या रेषा एका ठिकाणी एकमेकींना छेदतात, फ्रीक्वेन्सीचा रेशो रूट दोन असतो तिथे. त्याच्या अलीकडे डॅम्पिंग जास्त असलेलं चांगलं. त्याच्या पलीकडे मात्र डॅम्पिंग वाढवलं की हादरा कमी होत नाही, वाढतो! गाडी २ हर्ट्झची आणि डॅम्पिंग रेशो ०.३ असेल, तर ६.२ हर्ट्झचा सुमारे २४ टक्के हादरा वर येतो. स्प्रिंग तीच ठेवून रेशो ०.५ केला, म्हणजे शॉकअप कडक टाकले, तर तो होतो ३६ टक्के. आणि उलट, डॅम्पिंग रेशो ०.३ च ठेवून गाडी १.५ हर्ट्झवर आणली, तर १६ टक्के. हे अगदी साधं, एक मास आणि एक स्प्रिंगचं मॉडेल आहे हे मान्य. खऱ्या गाडीत टायर, सीट, रबरी बुश सगळे मध्ये येतात. पण दिशा तीच राहते. नुसती स्प्रिंग दोषी नसते, शॉकअपही तेवढाच दोषी असतो, आणि गॅरेजमध्ये दोष मात्र नेहमी स्प्रिंगच्याच माथी!

शॉकअपची आणखी एक गंमत आहे आणि माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली तिथेच आहे. गाडी वळणावर झुकते, ब्रेकला पुढे वाकते, तेव्हा शॉकअपचा पिस्टन हळू सरकतो, सेकंदाला दहा-एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही कमी. खड्ड्याची धार लागते तेव्हा तोच पिस्टन सेकंदाला अर्धा-एक मीटर वेगाने पळतो. म्हणजे आपण ज्याला 'स्पोर्टी फील' म्हणतो तो हळू पिस्टनचा मामला आणि ज्याला 'हादरे' म्हणतो तो वेगवान पिस्टनचा. दोन्ही एकाच शॉकअपमध्ये, पण दोन वेगळ्या खोल्यांत राहतात. चांगल्या शॉकअपच्या व्हॉल्व्हची रचना अशी करतात की हळू वेगाला तो घट्ट धरतो आणि वेग वाढला की मोकळं सोडतो. स्वस्तातला 'स्पोर्ट्स' शॉकअप दोन्हीकडे सारखाच आडमुठा. म्हणून एखादी गाडी वळणात घट्ट आणि खड्ड्यात मऊ असू शकते. यात जादू काही नाही.

"पण खऱ्या स्पोर्ट्स कार कडकच असतात ना?" हा प्रश्न मला मेसच्या टेबलावर किमान वीस वेळा विचारला गेलाय. उत्तर आहे : नाही. कॉलिन चॅपमनच्या लोटस एलानचं उदाहरण घ्या, १९६२ ची गाडी. वजन सातशे किलोच्या आसपास, चासी मजबूत, स्प्रिंगा मात्र मऊ आणि चाकांना वर-खाली जायला भरपूर जागा. आजही हँडलिंगचं उदाहरण म्हणून तिचं नाव घेतात. इतकं मागे जायचं नसेल तर २०१७ ची आल्पीन ए११० घ्या. वजन अकराशे किलोच्या आसपास, इलेक्ट्रॉनिक शॉकअप नाहीत, स्प्रिंगा तुलनेने मऊ, आणि चाक शेवटपर्यंत वर गेलं तर आपटू नये म्हणून हायड्रॉलिक स्टॉप. फेरारीच्या ४५८ इटालियात (२००९) तर स्टिअरिंगवरच एक बटण आहे. बाकी सगळं रेसच्या मोडमध्ये ठेवून फक्त शॉकअप मऊ करायचे, खराब रस्त्यासाठी. फेरारीला काय आजीला लग्नाला न्यायचं होतं? नाही. खराब रस्त्यावर मऊ गाडी जास्त पकड ठेवते हे त्यांना माहीत होतं. चाक हवेत उडालं की टायर कितीही महाग असो, त्याची पकड शून्य.

आणि लांब कशाला, आपल्याच वर्कशॉपमध्ये बघा की! एका कोपऱ्यात बाहाची बग्गी उभी आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात फॉर्म्युलाची गाडी. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात चाकाला किमान ५० मिलिमीटर हालचाल हवी असते, आणि गुळगुळीत ट्रॅकवर ती पुरते. बाहावाले त्याच्या चौपट-पाचपट हालचाल ठेवतात, कारण त्यांना दगडधोंड्यांतून जायचंय. दोन्ही गाड्या शर्यतीच्याच. दोन्हींच्या टीम रात्री दोन वाजेपर्यंत जागतात. मग यातली स्पोर्टी कुठली? उत्तर रस्त्यावर अवलंबून आहे. आता सांगा, आपल्या हॉस्टेलपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता ट्रॅकसारखा आहे की बाहाच्या ग्राउंडसारखा?

स्पीडब्रेकरचंच घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गोल उंचवट्याचं माप दिलंय : ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि गोलाईची त्रिज्या १७ मीटर. असा उंचवटा ताशी २५ ने आरामात ओलांडता येतो. गल्लीतला स्पीडब्रेकर मात्र बहुतेक वेळा फूट-दीड फुटात संपतो आणि उंची तेवढीच! रस्ते सुधारले पाहिजेत, शंभर टक्के. त्यावर वेगळा लेख होईल. पण तोपर्यंत गाडी याच रस्त्यावर चालणार आहे.

आता लाल हॅचबॅककडे वळू. आम्ही काय केलं आणि कुठल्या क्रमाने केलं ते सांगतो, कारण माझ्या मते क्रम हाच खरा मुद्दा आहे. फुकटापासून सुरुवात करायची आणि महागापर्यंत पोचायची गरज पडते का ते बघायचं.

पहिली पायरी, हवा. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. दोन माणसांना किती हवा, पूर्ण भरलेल्या गाडीला किती, ते तिथे लिहिलेलं असतं. तो स्टिकर वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय! पंपावर जाऊन आपण म्हणतो "चाळीस टाक", कारण शेजारचाही चाळीस टाकतो. टायर ही स्वतःच एक स्प्रिंग आहे आणि गाडीच्या खऱ्या स्प्रिंगपेक्षा कितीतरी पट ताठ. हवा वाढवली की ती आणखी ताठ होते. आमच्या गाडीत स्टिकरपेक्षा सात पीएसआय जास्त होती. टायर थंड असताना मोजून बरोबर केली. खर्च शून्य. उलटी चूकही करू नका. मऊपणाच्या नादात स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवली तर टायर तापतो, कडा झिजतात आणि खड्ड्यात रिम वाकते. आणि हो, नायट्रोजन भरून गाडी मऊ होत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

दुसरी पायरी, टायर आणि रिम. २०५/४५ आर १७ टायरची बाजूची भिंत ९२ मिलिमीटर भरते. १९५/५५ आर १६ ची १०७. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, फरक पाच मिलिमीटरच्या आत, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा बिघडत नाही. पण खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये १५ मिलिमीटर जास्त रबर आणि हवा येते. या गाडीचं कंपनीचं मूळ माप १६ इंचीच होतं. सतरा इंची सेट विकून त्या मापाचे रिम-टायर घेतले. सगळ्यात मोठा फरक इथे पडला. हे करताना तीन गोष्टी बघायच्या : ब्रेक कॅलिपरला रिम घासत नाही ना, टायरचा लोड इंडेक्स कमी होत नाही ना, आणि तारीख. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हणून लाकूड झालेला असतो.

तिसरी पायरी, बुश आणि माउंटिंग. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअपच्या वरचं रबरी माउंटिंग. ही मंडळी संपली की गाडी खडखडते आणि आपण त्या आवाजालाच 'कडक सस्पेन्शन' म्हणतो. आमच्याकडे एका बाजूचं माउंटिंग गेलेलंच होतं. मिस्त्रीने तासाभरात बदललं.

चौथी पायरी, स्प्रिंग आणि शॉकअप, आणि हे दोघे जोडीने. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा काढून कंपनीच्या मूळ स्प्रिंगा आणि मूळ प्रकारचे नवे शॉकअप टाकले. खाली बसवलेल्या गाडीचा खरा रोग असा की चाकाला वर जायला जागाच उरत नाही. छोट्याशा खड्ड्यात चाक बंप स्टॉपरवर जाऊन आपटतं आणि तिथे स्प्रिंगचा संबंध संपतो, रबराच्या ठोकळ्यावर गाडी चालते. म्हणून नुसती मऊ स्प्रिंग टाकूनही उपयोग नाही. तीच उंची असलेली मऊ स्प्रिंग जास्त दबणार, गाडी आणखी खाली येणार, आणि 'मऊ' गाडी जास्त आपटणार! मऊ स्प्रिंग लांबही लागते.

एवढं झाल्यावर काका पुन्हा गाडीत बसले. "आता बरी आहे," म्हणाले. वडील मंडळींकडून एवढं सर्टिफिकेट म्हणजे डिस्टिंक्शनच समजायचं.

आता बाजारातल्या शॉर्टकटबद्दल. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे रबरी बफर 'कम्फर्ट'च्या नावाखाली विकतात. स्प्रिंगचं सूत्र आठवा : वेढे जितके कमी मोकळे, स्प्रिंग तितकी ताठ. बफर वेढ्यांमध्ये बसला की ते वेढे मोकळेपणाने काम करत नाहीत. गाडी उचलली जाते, खाली घासणं कमी होतं हे खरं. पण मऊ? सूत्रालाच विचारा. तसंच स्प्रिंग कापण्याचं. गाडी खाली बसली म्हणजे स्प्रिंग मऊ झाली असं बऱ्याच जणांना वाटतं. कापलेली स्प्रिंग जास्त ताठ होते, आणि तिचं टोक सीटमध्ये नीट बसत नसेल तर ती निसटूही शकते. हे काम करणाऱ्याला आणि करवून घेणाऱ्याला, दोघांनाही मशीन डिझाइनला पुन्हा बसवलं पाहिजे. तिसरं, सीटवर जाड मऊ गादी. माणूस वर येतो, पट्टा जागा सोडतो आणि मोठ्या खड्ड्यात गादी तळाला टेकतेच. आणि कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. कंपनीच्या मूळ मापाकडे परत येणं हा म्हणूनच सगळ्यात सरळ रस्ता.

माझ्या मताच्या विरुद्ध जे बोललं जातं, त्यातलं काही खरं आहे, ते मान्य करतो. मऊ स्प्रिंगने गाडी वळणात जास्त झुकते. एका बाजूकडून झटकन दुसऱ्या बाजूला वळवताना क्षणभर उशीर लागतो. उंच भिंतीचा टायर स्टिअरिंगला किंचित आळशी करतो. जो खरोखर ट्रॅकवर जातो, लॅपटाइम मोजतो, त्याने गाडी कडक ठेवावी. त्याचा रस्ता वेगळा आहे. पण पार्किंगमधल्या त्या चार-पाच मालकांनी प्रामाणिकपणे सांगावं, ट्रॅकवर किती वेळा गेलात? "मग साधी सेडानच घ्यायची ना!" असंही एक जण म्हणाला. का बरं? हलकं वजन, तरतरीत इंजिन, चांगले ब्रेक, नेमकं स्टिअरिंग हे सगळं हादरे कमी केल्याने कुठे जात नाही. आपल्याकडे २००१ साली आलेली फियाट पॅलिओ १.६ आठवत असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. पळायचीही आणि खड्डेही गिळायची. पेट्रोल प्यायची ती गोष्ट वेगळी!

आता शेवटचा मुद्दा, शीर्षकातला. ड्रायव्हरला खड्डा आधी दिसतो. नकळत त्याचं अंग आवळलं जातं, हातात स्टिअरिंग असतं, पाय रोवलेले असतात. मागे बसलेल्या आजीला यातलं काहीच मिळत नाही, तिला खड्डा कळतो तो बसल्यावरच. शिवाय लहान गाडीत मागची सीट मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळजवळ वरच असते. मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर आधी रोल्स रॉइसमध्ये होता, मग अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेला. १९३२ साली त्याने एका गाडीवर सरकवता येणारी वजनं बसवून स्प्रिंगा बदलत प्रयोग केले, आणि गाडी मागे-पुढे डोलू नये तर पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात हे दाखवून दिलं. कारण पुढचं चाक उंचवट्यावर आधी चढतं. ताशी साठ किलोमीटरला, अडीच मीटर व्हीलबेसच्या गाडीत, मागचं चाक ०.१५ सेकंद उशिरा चढतं. मागची स्प्रिंग थोडी चपळ असेल तर ती पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहते. नव्वद वर्षं होऊन गेली तरी डिझाइनर हे सूत्र वापरतात. म्हणून फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या स्प्रिंगा बदलून येणाऱ्यांनी जरा थांबावं. तुम्ही फक्त गाडीची उंची बदलत नाही, पुढचं आणि मागचं यांच्यातला ठरलेला हिशोब मोडता.

तर एक सूचना करतो, मिनी प्रोजेक्ट समजा. कुठल्याही मोबाईलमध्ये अ‍ॅक्सिलरोमीटर असतो. तो मागच्या सीटवर घट्ट बसवा, कॉलेजच्या गेटपासून हायवेपर्यंत ठरावीक वेगाने जा, रीडिंग घ्या. मग हवा स्टिकरप्रमाणे करून पुन्हा जा. ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात काय फरक पडला ते बघा. विषय शोधत टी.ई.ची मुलं मार्चपर्यंत हिंडत असतात, हा घ्या फुकटचा विषय! आणि रीडिंग घेताना स्वतः मागे बसा, गाडी मित्राला चालवायला द्या. नवी गाडी घेतानासुद्धा ट्रायलमध्ये एक फेरी मागे बसूनच मारा. शोरूमवाला चक्रावेल, चक्रावू द्या.

आपण इंजिनिअर होणार आहोत. गाडी नुसती चालवणाऱ्याने 'कडक' म्हणून खूष व्हावं, ठीक आहे. पण ज्याला ट्रान्समिसिबिलिटीचा ग्राफ काढता येतो, त्याने तो घरच्या गाडीला एकदा लावून बघितलाच पाहिजे. त्यासाठी फेलोशिप लागत नाही की लॅब लागत नाही. दरवाजा उघडा, स्टिकर वाचा, हवा तपासा. बाकी पायऱ्या मग ठरवता येतील.